आरोपीचा चेहरा आणि ज्युरीचा निकाल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत न्यायदानावर आलेल्या लेखात एक विधान होते. ज्युरीपुढे (म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे) देखणा आरोपी सुटतो आणि ओबडधोबड अडकतो, म्हणून आपण ज्युरी बंद केली ते योग्यच झाले, असा त्याचा आशय. आमच्यापैकी एकाचे काम फौजदारी न्यायालयातले आहे, दुसरीचे न्यायालयीन मानसशास्त्र शिकवण्याचे. हे विधान अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे मात्र चुकीच्या उपायाकडे नेते, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे. काटछाट करावीच लागली तर शेवटचा, छायाचित्रांबद्दलचा भाग तेवढा कापू नये ही विनंती.

मराठीत हा विषय निघाला की बोलणे नानावटी खटल्यावर येतेच, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. नौदलातील कमांडर कावस नानावटी स्वतःहून पोलिसांकडे हजर झाले. सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. पांढरा गणवेश, छातीवर पदके, ताठ उभा राहणारा अधिकारी हे चित्र त्या ज्युरीसमोर होते, आणि बाहेर वृत्तपत्रांनी ते घरोघरी पोचवले होते. त्यामुळे 'गणवेशाने जिंकले' असे लोक आजही म्हणतात.

पण पुढचा भाग सांगितला जात नाही. न्यायाधीश रतिलाल मेहता यांना ज्युरीचा निर्णय पटला नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे नानावटी दोषी ठरले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. वरच्या न्यायालयांनी बोट ठेवले ते ज्युरीला दिलेल्या मार्गदर्शनातील त्रुटींवर. झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या असा बचाव होता. असा अपघाताचा बचाव घेतला तर तो शाबीत करण्याची जबाबदारी कोणाची, त्यासाठी काय काय दिसले पाहिजे, हे ज्युरीला नीट समजावले गेले नव्हते. झटापट झाली म्हणतात, तर आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला, यासारख्या परिस्थितिजन्य गोष्टींचे वजन कसे करायचे, हेही नाही. गणवेशामुळेच निकाल फिरला असे कोणी सिद्ध करू शकत नाही. एवढे मात्र म्हणता येते की पुराव्याचे प्रश्न एकेक करून समोर ठेवले नाहीत, तर ज्युरीच्या हातात उरतो तो माणूस, आणि माणूस म्हणजे त्याचे दिसणे. तेव्हा दोष चेहऱ्याला देण्याआधी त्या मोकळ्या सोडलेल्या जागेकडे पाहायला हवे. जाता जाता हेही नोंदवतो की ज्युरी बंद करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे त्या गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधीच्या वर्षी केली होती.

आता या विषयावर जिथे सर्वाधिक काम झाले त्या अमेरिकेकडे वळू. तिथे फौजदारी खटल्यात ज्युरीचा हक्क घटनेतच आहे, त्यामुळे हा प्रश्न तिथे रोजचा आहे. हॅरल्ड सिगल आणि नॅन्सी ऑस्ट्रोव्ह यांचा १९७५ चा प्रयोग सगळीकडे उद्धृत होतो, पण बहुधा अर्धाच. विद्यार्थ्यांना एका स्त्री आरोपीची हकीकत वाचायला दिली आणि १ ते १५ वर्षांपैकी किती शिक्षा द्याल ते विचारले. काहींच्या कागदावर देखण्या स्त्रीचा फोटो होता, काहींच्या कागदावर न देखण्या, काहींच्या कागदावर फोटोच नव्हता. गुन्हेही दोन होते: २,२०० डॉलरची घरफोडी, किंवा एका मध्यमवयीन अविवाहित पुरुषाला भुलवून अस्तित्वातच नसलेल्या कंपनीत तेवढेच पैसे गुंतवायला लावणे. घरफोडीत देखणीला सरासरी २.८ वर्षे मिळाली, न देखणीला ५.२ आणि बिनफोटोवालीला ५.१. फसवणुकीत देखणीला ५.४५, बाकी दोघींना ४.३५.

हे आकडे नीट वाचावेत. घरफोडीत न देखणी आणि बिनफोटोवाली जवळजवळ सारख्याच आहेत. म्हणजे कुरूपतेला दंड झाला नाही, सौंदर्याला सूट मिळाली. फसवणुकीत ती सूट गेली, कारण तिथे रूप हेच गुन्ह्याचे हत्यार ठरले. उलट जास्त शिक्षेकडे कल दिसला, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का नव्हता. आणखी एक मर्यादा लोक विसरतात. प्रयोगातल्या विद्यार्थ्यांना आरोपी दोषी आहे हे गृहीत धरून शिक्षा तेवढी ठरवायची होती. प्रत्यक्षात अमेरिकेतली ज्युरी बहुतेक ठिकाणी दोषी की निर्दोष एवढेच सांगते. शिक्षा न्यायाधीश देतो. मृत्युदंडाचे खटले आणि टेक्साससारखी थोडी राज्ये हा अपवाद. तेव्हा या एका प्रयोगावरून 'देखणा सुटतो' असे म्हणता येत नाही. पुढे १९९४ मध्ये मॅझेला आणि फाइनगोल्ड यांनी अशा अनेक प्रयोगांची एकत्र मोजदाद केली. देखणेपणाचा फायदा होतो, पण सरासरी परिणाम लहान आहे आणि तो गुन्ह्यागणिक बदलतो, असे त्यातून दिसले.

मग परिणाम मोठा कुठे होतो? आमच्या मते या सगळ्या विषयाची किल्ली शिकागोच्या हॅरी कॅल्व्हन आणि हान्स झायझेल यांच्या १९६६ च्या अभ्यासात आहे. ३,५७६ खटल्यांत त्यांनी न्यायाधीशांना विचारले की ज्युरी नसती तर तुम्ही काय निकाल दिला असता. सुमारे ७८ टक्के खटल्यांत दोघांचे उत्तर एकच होते. जिथे फरक पडला तिथे पुरावा बहुधा काठावरचा होता. पुरावा दोन्ही बाजूंना सारखा झुकलेला असला की ज्युरीच्या भावनांना वाट मोकळी होते, असे त्यांनी मांडले. दोन प्रत्यक्षदर्शी, बोटांचे ठसे आणि जप्त माल एवढे समोर असेल, तर आरोपी कितीही राजबिंडा असो, फरक पडत नाही. एकच साक्षीदार, रात्रीची वेळ, दिव्याचा उजेड अपुरा, हेतू अस्पष्ट, अशा खटल्यात चेहरा तराजूत पडतो.

तो कसा पडतो हेही समजून घ्यावे लागेल. अनोळखी चेहऱ्यावरून 'हा विश्वासू दिसतो' असे मत बनायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो, हे विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवले. जास्त वेळ दिला तर मत फारसे बदलत नाही, फक्त त्यावरचा आपला विश्वास वाढतो. म्हणजे साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच प्रत्येक ज्युररच्या मनात एक टिपण तयार असते. ते टिपण निकाल ठरवत नाही. ते संदिग्ध पुराव्याचा अर्थ ठरवते. 'घटनेनंतर आरोपी धावत गेला' या एकाच वाक्याचा अर्थ सौम्य चेहऱ्याच्या बाबतीत 'घाबरला' असा लागतो, उग्र चेहऱ्याच्या बाबतीत 'पळाला' असा. अशी चार-पाच वाक्ये एकाच दिशेने वाचली गेली की शेवटी ज्युररला प्रामाणिकपणे वाटते की आपण पुराव्यावरच गेलो. म्हणूनच 'तुमच्यावर रूपाचा परिणाम झाला का?' या प्रश्नाचे 'नाही' हे उत्तर खोटे नसते आणि उपयोगाचेही नसते. विचार करण्याच्या पद्धतीचाही फरक पडतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या गनेल आणि सेसी यांच्या २०१० च्या अभ्यासात अंतःप्रेरणेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी न देखण्या आरोपीला सरासरी २२ महिने जास्त शिक्षा सुचवली. तर्काने चालणाऱ्यांत ही तफावत दिसली नाही.

प्रयोगशाळेबाहेर गेले की प्रश्न सौंदर्याचा राहत नाही, आणि चिंता इथेच वाढते. जेनिफर एबरहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये फिलाडेल्फियातले मृत्युदंडास पात्र खटले तपासले. आरोपी कृष्णवर्णीय आणि बळी गोरा असे ४४ खटले होते. ज्यांचा चेहरा लोकांच्या मनातल्या 'काळ्या माणसाच्या' साच्याशी जास्त जुळत होता, त्यांच्यापैकी ५७.५ टक्क्यांना मृत्युदंड झाला. कमी जुळणाऱ्यांपैकी २४.४ टक्क्यांना. गुन्ह्याचे गांभीर्य वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही ही दरी राहिली. बळीही कृष्णवर्णीय असलेल्या खटल्यांत ती दिसली नाही. फ्लोरिडात विल्सन आणि रूल यांनी २०१५ मध्ये मृत्युदंड झालेले ३७१ आणि जन्मठेप झालेले ३७१ कैदी घेतले आणि ज्यांना निकाल माहीत नाही अशा लोकांकडून त्यांच्या चेहऱ्यांच्या विश्वासार्हतेला गुण देववले. मृत्युदंडवाल्यांचे चेहरे कमी विश्वासार्ह ठरले. पुढे निर्दोष ठरून सुटलेल्यांचे चेहरे घेतले, तेव्हाही तोच कल निघाला. तेव्हा 'चेहराच खरे सांगत असेल' ही पळवाटही बंद होते.

आणि न्यायाधीश? टेक्सासमधील दोन हजारांहून अधिक आरोपींच्या जामिनाच्या आणि दंडाच्या रकमा डाउन्स आणि लायन्स यांनी १९९१ मध्ये तपासल्या. किरकोळ गुन्ह्यांत देखण्या आरोपींना न्यायाधीशांनी कमी रकमा लावल्या होत्या. गंभीर गुन्ह्यांत असा संबंध आढळला नाही. हा पुरावा आपल्या लेखकाने पाहायला हवा होता. ज्युरी गेली म्हणून चेहऱ्याचा प्रभाव गेला, असे यानंतर म्हणता येत नाही.

आता उपायांकडे. अमेरिकेतील न्यायालये रूपावर बंदी घालू शकत नाहीत, पण ज्युरीला काय दिसावे यावर त्यांनी नियम बसवले आहेत, आणि हे नियम बारीक तपशिलात यशस्वी किंवा अयशस्वी होतात. १९७६ च्या 'एस्टेल विरुद्ध विल्यम्स' निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरोपीला तुरुंगाच्या ओळखू येणाऱ्या कपड्यांत ज्युरीपुढे बसायला भाग पाडता येणार नाही. पण त्या खटल्यातला आरोपी स्वतः हरला. 'हॅरिस काउंटी जेल' असे छापलेले कपडे घालून तो बसला होता. आपले कपडे त्याने तुरुंगाच्या कर्मचाऱ्याकडे मागितले होते, पण खटल्यात न्यायाधीशापुढे त्याच्या वकिलाने हरकत घेतली नाही. हरकत नोंदवली नाही म्हणजे सक्ती झाली नाही, असा अर्थ लावला गेला. तिथला प्रत्येक बचाव वकील हे पहिल्या वर्षी शिकतो: हरकत तोंडी कुजबुजायची नाही, ती नोंदीत यायला हवी, आणि ज्युरी निवडायला सुरुवात होण्याआधी.

कपड्यांचे काम ऐकायला सोपे वाटते, करताना बिघडते. कैदेत वजन बदलते. अटकेच्या दिवशीचा कोट सहा महिन्यांनी खांद्यावर लोंबतो आणि मानेभोवती कॉलर मोकळी राहते, तेव्हा तो माणूस दुसऱ्याचे कपडे घालून आल्यासारखा दिसतो. म्हणून मापे खटल्याच्या आठवड्यात पुन्हा घ्यावी लागतात. तुरुंगात पट्टा आणि बुटाच्या नाड्या देत नाहीत, म्हणून कमरेला इलॅस्टिक असलेली पँट आणि बिननाडीचे बूट हवेत, नाहीतर उभे राहताना आरोपी एका हाताने पँट सावरतो आणि ज्युरीतले बारा जण ते पाहतात. खटला चार दिवस चालणार असेल तर निदान दोन शर्ट लागतात. कपडे आत नेण्याची परवानगी लेखी आदेशात, वस्तूंच्या नावांसह असावी. नाहीतर पहाटे कैद्यांची गाडी निघताना पहाऱ्यावरचा शिपाई पिशवी परत पाठवतो आणि नऊ वाजता कोर्टात धावपळ होते. गरीब आरोपींसाठी सरकारी बचाव वकिलांच्या अनेक कार्यालयांत देणगीतून आलेल्या कोट-पँटचे कपाट असते. केस कापायचे तर आदल्या दिवशी कापू नयेत. ताजा कातरलेला मानेचा गोरा पट्टा सांगतो की हे तुमच्यासाठी केले आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सर्वांना एकच उंची सूट चढवणे. आर्थिक फसवणुकीच्या खटल्यात चकचकीत, गोड बोलणारा, रुबाबदार आरोपी म्हणजे सरकारी वकिलाने रंगवलेले चित्रच. सिगल-ऑस्ट्रोव्हच्या दुसऱ्या आकड्यांचा अर्थ तिथे लागतो. अशा वेळी साधा, थोडा जुना, नीट इस्त्री केलेला शर्ट बरा. चष्म्याचेही तसेच. चष्म्याने माणूस अभ्यासू आणि कमी आक्रमक वाटतो, म्हणून काही वकील बिननंबरी चष्मा देतात. पण खटल्यात ओळख हाच वादाचा मुद्दा असेल आणि साक्षीदाराने पाहिलेला माणूस बिनचष्म्याचा असेल, तर सरकारी वकील अटकेच्या वेळचा फोटो दाखवून हे सोंग आहे असे सुचवतो, आणि त्यानंतर आरोपीचे खरे बोलणेही संशयाने ऐकले जाते. आमच्या मते असा चष्मा देऊच नये. आरोपी जसा आहे त्याहून वाईट दिसू नये इथपर्यंत वकिलाचे काम आहे. तो दुसराच कोणी दिसावा, हे नाही. गोंदणाचा प्रश्न अधिक अवघड. फ्लोरिडात एका आरोपीच्या चेहऱ्यावर आणि मानेवर नाझी चिन्हे गोंदलेली होती, त्यांपैकी काही अटकेनंतर गोंदवून घेतलेली. न्यायाधीशांनी ती रोज सकाळी मेकअपने झाकायला सरकारी खर्चाने रंगभूषाकार दिला. खूप टीका झाली. आम्हाला तो निर्णय बरोबर वाटतो, कारण गुन्ह्यानंतर गोंदवलेले चिन्ह गुन्ह्याचा पुरावा होत नाही. त्या आरोपीला शेवटी दोषी ठरवले गेलेच. मेकअपने पुरावा झाकला गेला नाही.

बेड्यांबाबत २००५ चा 'डेक विरुद्ध मिसुरी' हा निकाल महत्त्वाचा आहे. दोष सिद्ध झाल्यानंतर, मृत्युदंड द्यावा का हे ठरवतानासुद्धा, विशेष कारण नसेल तर दिसणाऱ्या बेड्या चालणार नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्यक्षात धोकादायक आरोपीच्या पायात काही ना काही ठेवावे लागते. मग करायचे असे: ज्युरी आत येण्याआधी आरोपीला खुर्चीवर बसवायचे. त्याच्या टेबलाला खालपर्यंत कापड लावायचे, आणि तसेच कापड सरकारी वकिलाच्या टेबलालाही, नाहीतर फरक लक्षात येतो. ज्युरी येताना सगळे उभे राहतात, त्या वेळी साखळी वाजते किंवा गुडघ्याची पट्टी अडकते आणि तो वाकून ती सोडवतो. म्हणून उभे राहण्यातून त्याला सूट मागायची. साक्षीच्या पिंजऱ्यात जायचे असेल तर ज्युरी बाहेर असताना. एवढे करूनही गडबड होते ती वऱ्हांड्यात. जेवणाच्या सुट्टीनंतर परत येणारा ज्युरर आणि साखळदंडात नेला जाणारा आरोपी समोरासमोर येतात. तसे घडले तर वकिलाने त्याच दिवशी न्यायाधीशाला सांगावे, त्या ज्युररला एकट्याला बोलावून काय पाहिले ते विचारले जावे, इतरांना सांगितले का हे विचारावे, आणि गरज पडल्यास त्याच्या जागी राखीव ज्युरर घ्यावा. निकालानंतर केलेली तक्रार फारशी टिकत नाही.

औषधांकडे कोणाचे लक्ष जात नाही. १९९२ च्या 'रिगिन्स विरुद्ध नेवाडा' प्रकरणात आरोपीला खटल्याच्या काळात रोज ८०० मिलिग्रॅम मेलारिल हे मनोविकारावरचे औषध, त्याचा विरोध असताना, दिले जात होते. त्याचे म्हणणे होते की माझी खरी मानसिक अवस्था ज्युरीला दिसलीच पाहिजे, कारण माझा बचावच वेडेपणाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याची दोषसिद्धी रद्द केली. अशा औषधाने चेहरा निर्विकार होतो, हालचाली मंद होतात. अमेरिकेत आरोपीला साक्ष देण्याची सक्ती नाही. म्हणजे ज्युरी त्याचा आवाजही न ऐकता दिवसेंदिवस फक्त त्याचा चेहरा पाहते. शवविच्छेदनाचे फोटो दाखवले जात असताना तो चेहरा हलला नाही, तर 'याला काहीच वाटत नाही' असे ज्युरर घरी घेऊन जातो. त्या निर्विकारपणामागे गोळी असेल, भीती असेल, वकिलाने 'प्रतिक्रिया देऊ नकोस' म्हणून सांगितलेले असेल.

इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात आरोपी वकिलाशेजारी बसत नाही, तो वेगळ्या पिंजऱ्यात, कित्येकदा काचेच्या पिंजऱ्यात बसतो. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात तोच खटला, तोच अभिनेता आणि तेच संवाद ठेवून फक्त बसण्याची जागा बदलली. पिंजऱ्यात बसलेल्याला जास्त लोकांनी दोषी ठरवले.

ज्युरी निवडताना विचारायचे प्रश्न आणि आत चर्चा करण्याची रीत, या दोन जागी सर्वात जास्त सुधारणा शक्य आहे. 'तुम्ही रूपावरून मत बनवाल का?' असे विचारले तर सगळे 'नाही' म्हणतात. त्याऐवजी 'खोलीत आल्यावर या माणसाकडे पाहून पहिला विचार काय आला?' असे विचारावे आणि थांबावे. एकाने प्रामाणिक उत्तर दिले की बाकीचे बोलतात. उत्तर वाईट आले म्हणून त्या माणसाला लगेच वगळू नये. ज्याला आपला कल दिसतो तो त्याला आवर घालू शकतो. चर्चेच्या रीतीबद्दल हेस्टी, पेनरॉड आणि पेनिंग्टन यांनी १९८३ मध्ये दोन तऱ्हा नोंदवल्या. काही ज्युरी आधी मतदान घेतात आणि मग आपापल्या मताची बाजू लढवतात. काही आधी पुरावा क्रमाने लावतात आणि मतदान उशिरा घेतात. पहिल्या तऱ्हेत सेकंदाच्या दहाव्या भागात बनलेले मत आकड्यात पक्के होते आणि नंतर ते सोडणे म्हणजे हार वाटते. न्यायाधीशाने गुन्ह्याचे घटक लेखी, एका कागदावर द्यावेत आणि प्रत्येक घटकासमोर 'कोणता पुरावा?' हे विचारायला सांगावे. 'आरोपीच्या दिसण्याकडे दुर्लक्ष करा' एवढेच सांगून भागत नाही. विसरा म्हटलेली गोष्ट ज्युरर सहसा विसरत नाहीत.

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले अनेक मराठी लोक आज न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात ज्युरीच्या समन्सवर हजर होतात. त्यांतले काही आपले दैनिक इंटरनेटवर वाचतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे: आरोपीचे नाव इंटरनेटवर शोधू नका, त्याचा अटकेचा फोटो पाहू नका, तो गुन्हेगारच दिसेल, कारण तशाच उजेडात, तशाच भिंतीपुढे काढलेला असतो. टिपणे घ्यायची परवानगी असेल तर साक्षीदार काय म्हणाला ते लिहा, आरोपी कसा बसला होता ते लिहू नका. आणि खोलीत कोणी पहिल्याच मिनिटाला हात वर करायला सांगितले तर थोडे थांबू म्हणा.

आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. मुंबईत पारशी वैवाहिक न्यायालयात न्यायाधीशांबरोबर पाच प्रतिनिधी आजही बसतात, पण तिथे आरोपी नसतो. आपल्या न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात, हे आपले मोठे बळ आहे. ज्युरी कारणे देत नाही. तरीही एक फट आहे. त्याच १९७३ च्या संहितेच्या कलम २८० प्रमाणे (ती संहिता २०२४ मध्ये बदलली, पण ही तरतूद नव्या संहितेतही आहे) साक्षीदाराच्या हावभावांबद्दल काही मत झाले तर ते न्यायाधीशाने नोंदवायचे असते, आणि वरच्या न्यायालयात ते तपासता येते. आरोपीच्या चेहऱ्यावरून झालेल्या मताची अशी नोंद कोणी मागत नाही. शिक्षेच्या सुनावणीत 'चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही' असे वाक्य येते तेव्हा ते कशावरून, किती वेळ पाहून, हे लिहिलेले नसते. बचाव वकिलांनी ते लिहून मागावे. आरोपी त्या दिवशी तुरुंगातून किती वाजता निघाला, औषध चालू आहे का, तो सुनावणीची भाषा समजतो का, हेही नोंदीत आणावे.

चेहऱ्याचा खेळ आपल्याकडे खटल्याआधी, ओळख परेडमध्ये, म्हणजे रांगेतल्या माणसांतून साक्षीदाराला आरोपी ओळखायला सांगतात तेव्हा, होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत याची पद्धत दिली आहे. एक आरोपी असेल तर निदान सहा इतर माणसे, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये शक्यतो दोनच आरोपी. बाकीची माणसे वयाने आणि बांध्याने मिळतीजुळती हवीत. आरोपीला रांगेत कुठे उभे राहायचे ते निवडू द्यायचे, हवे तर कपडे बदलू द्यायचे. परेड दंडाधिकारी पंचांसमोर घेतात, पोलिसांनी तिथे थांबायचे नाही. बिघडते कुठे? आरोपी पंधरा दिवसांची दाढी वाढलेला, अनवाणी, चुरगळलेल्या शर्टात, आणि डमी म्हणून आणलेली शेजारच्या हॉटेलातली माणसे दाढी केलेली, पायात चपला. साक्षीदार गुन्हेगाराला ओळखत नाही, कैद्याला ओळखतो. गालावर व्रण असेल तर सगळ्यांच्या गालावर त्याच जागी कागदाची पट्टी चिकटवावी लागते. ती विसरली जाते. परेड महिनाभर रेंगाळते. अटकेपासून परेडपर्यंत आरोपीला तोंड झाकूनच न्यायचे असते. पण पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर पत्रकार परिषदेसाठी बुरखा वर सरकतो.

आणि दुसऱ्या दिवशी तो चेहरा आपल्या पानावर येतो. उलटतपासणीत साक्षीदाराला पहिलाच प्रश्न असतो: 'वर्तमानपत्रात फोटो पाहिला होता का?' 'हो' म्हटले की परेडला किंमत उरत नाही. परेड हा मुळात स्वतंत्र पुरावा नाही. न्यायालयातल्या ओळखीला आधार म्हणून ती असते. आधार गेला की खरा गुन्हेगार असला तरी तो सुटू शकतो, आणि निरपराध असेल तर साक्षीदार कोर्टात छापील चेहरा ओळखतो. दोन्ही बाजूंनी नुकसान एकाच छायाचित्राने होते.

म्हणून आपल्या दैनिकाला आमची विनंती अशी. ज्या गुन्ह्यात आरोपी साक्षीदाराला अनोळखी आहे, त्यात ओळख परेड झाल्याचे तपास अधिकाऱ्याकडून विचारून घेतल्याशिवाय त्याचा चेहरा छापू नये आणि संकेतस्थळावरही टाकू नये. पोलिसांनी फोटो पाठवला हे कारण पुरेसे मानू नये. बेड्यांतले छायाचित्र असेल तर हात दिसणार नाहीत असे कापावे. बातमीतून 'उच्चशिक्षित, देखणा तरुण' आणि 'उग्र चेहऱ्याचा सराईत' ही दोन्ही विशेषणे काढावीत; पूर्वीचे गुन्हे असतील तर ते क्रमांकासह लिहावेत. फरार आरोपीचा शोध चालू असेल आणि पोलिसांनी चेहरा प्रसिद्ध करण्याची लेखी विनंती केली असेल, एवढाच अपवाद ठेवावा, आणि त्या वेळी छायाचित्राखाली प्रसिद्धीची तारीख द्यावी, म्हणजे पुढे साक्षीदाराने ते कधी पाहिले हे न्यायालयाला ठरवता येईल.

आपले,
फौजदारी वकिली आणि न्यायालयीन मानसशास्त्राशी संबंधित दोन वाचक, पुणे